अक्काची मिसरी आणि माझी अर्धी गोष्ट

फोन आला तेव्हा माझं बोट माझ्याच तोंडात होतं. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर दोष तुमचा नाही, लोकांना हसू यावं म्हणूनच मी गेली पंचवीस वर्षं ते बोट तोंडात घालत आलो. रावेरजवळच्या एका गावात लग्न होतं. दुपार झाली होती, पंगती उठल्या होत्या, केळीचे घड टांगलेल्या मांडवात बायाबापड्या पंख्याखाली विसावल्या होत्या. नवरदेवाच्या मामांनी मला माइकसमोर ढकललं. मागणी नेहमीचीच होती... "अक्काचं दात घासणं" होऊ द्या. मग काय, डाव्या तळव्यावर नसलेली मिसरी घेतली, उजव्या हाताची तर्जनी तोंडात घातली आणि त्या भरल्या तोंडाने दूधवाल्याला, शेजारणीला आणि ब्लाउज न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एकाच वेळी सूचना द्यायला लागलो. खिशात फोन तीनदा थरथरला. मी थांबलो नाही. शेवटची पिचकारी मारल्याचा अभिनय केला, नसलेला पदर तोंडावर धरून हसलो, टाळ्या घेतल्या, आणि मग मांडवाच्या मागे जाऊन फोन उचलला. पलीकडे माझी भाची मनीषा होती. ती एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली."

बोट अजून ओलं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. जळगावात आमचं बियाण्यांचं दुकान आहे. दिवसा मी तिथे कपाशीची आणि मक्याची पाकिटं विकतो आणि लग्नसराईत, स्नेहसंमेलनांत, निवृत्तीच्या समारंभांत माइक धरतो. खानदेशात मला जे थोडेफार लोक ओळखतात ते या दुसऱ्या धंद्यामुळे, आणि त्यातले निम्मे मला "अक्कावाले" म्हणून ओळखतात. त्यांना अक्का ठाऊक आहे, म्हणजे मी केलेली अक्का ठाऊक आहे. खरी अक्का कोण होती, हे सांगायची पाळी आता आली. आणि ती सांगताना मला माझीही एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. ती तुमच्यापैकी अनेकांनी माझ्याच तोंडून ऐकली असेल.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव नरडाण्यापासून चार मैलांवर, मातीच्या सपाट छपराची, म्हणजे धाब्याची घरं, आई-वडील दिवसभर रानात. त्यामुळे मला अंगाखांद्यावर वागवण्याचं काम तिच्याकडे आलं. माझे दुधाचे दात हलायला लागले की तिला कोण आनंद व्हायचा. ती दोरा बांधायची नाही, दार आपटायची नाही. ती मला समोर बसवून एखाद्या चुलतीची नाहीतर मास्तरांची नक्कल करायची, आणि मी हसून तोंड उघडलं की चिमटीत धरून दात काढायची. कळायचंही नाही. मग आम्ही दोघं जिन्याने धाब्यावर जायचो, उंदराला हाक मारून हा जुना घे, नवा दे असं सांगायचो आणि ती तो दात लांब कोपऱ्यात भिरकावायची. माझे सगळे दात तिने फेकले. लोक विचारतात, हे नकला करण्याचं तुम्ही शिकलात कुठे? तिथे शिकलो... दात पडण्याच्या वयात, तिच्यासमोर तोंड उघडून.

लग्न होऊन ती धुळ्याला गेली. दाजी फार बोलणारे नव्हते आणि फार जगलेही नाहीत. अक्काने पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकलं आणि ब्लाउज शिवायला लागली. पांझरा नदीच्या अलीकडच्या त्या गल्लीत तिच्या हातची बाही नसेल अशी बाई विरळा. ती कात्री वापरायची ती कापड बेतायला. दोरा मात्र ती दातानेच तोडायची. मशीन थांबायचं, ती मान जराशी वाकवायची आणि "टक्" असा आवाज व्हायचा. मी बाहेरच्या ओट्यावर चहा पीत बसलेला असलो तरी त्या आवाजावरून सांगू शकायचो की एक ब्लाउज पुरा झाला.

मिसरी तिला सासरी मिळाली. मनीषाच्या वेळच्या बाळंतपणानंतर दाढ ठणकायला लागली, तेव्हा सासूने आपली डबी तिच्यापुढे धरली. आमच्याकडे हे काही नवल नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर सगळ्यांना ठसका लागायचा, मग ती बारीक कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावत ओट्यावर बसायचं. आईची डबी, काकूची डबी, सासूची डबी... डबी नसलेली बाईच मी लहानपणी पाहिली नाही. आणि पन्नाशीत सगळे दात असलेली बाईही पाहिली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या घराण्यात दात लवकर जातात, असं आम्ही जरा कौतुकानेच सांगायचो, जसं काही उंची किंवा गोरा रंग सांगावा.

अक्काचं ते सकाळचं मिसरी लावणं म्हणजे दरबार असायचा. अर्धा तास चालायचा. तोंड भरलेलं, ओठ घट्ट, आणि तरीही सगळ्या गल्लीचा कारभार तिथून हाकला जायचा. मी ते उचललं आणि एका चुलत भावाच्या लग्नात पहिल्यांदा करून दाखवलं. समोर पहिल्या रांगेत अक्का बसली होती. ती सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांतून पाणी काढत, मांडीवर थापा मारत. घरी आल्यावर तिने माझी दोन ठिकाणी चूक काढली. थुंकायच्या आधी मी मान वळवत नाही, आणि बोट बदलत नाही. पुढच्या लग्नापासून मी ते दोन्ही करायला लागलो.

मग काही वर्षांनी ती हसताना पदर तोंडावर धरायला लागली. मला वाटलं, वय वाढतंय, सासू होण्याच्या वयाला आली, मर्यादा शिकतेय. ती आणि मर्यादा, या जोडीचं मला इतकं हसू आलं की मी तो पदरही नकलेत घेतला. लोकांना तो फार आवडला. तो पदर लाजेचा नव्हता, वासाचा होता. हिरड्या मागे सरून दात लांब दिसायला लागले होते, दोन दातांत फट पडली होती, आणि बोलताना आपल्याला वास येतो हे तिला कळलं होतं. हे मला मनीषाने आत्ता सांगितलं. मी शेकडो मांडवांत तो पदर धरला असेल, आणि जिचा तो होता ती समोर बसून तोच पदर तोंडावर धरून हसत होती.

सहा-सात वर्षांपूर्वी मनीषा तिला ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. धुळ्यातच नवा दवाखाना टाकलेली तरुण बाई होती. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा अक्काने त्या भेटीचा जो प्रयोग केला, तसा मला आजही जमणार नाही. डॉक्टरीणबाई हातात बारीक सळई घेऊन दात आणि हिरडी यांच्या मध्ये घालत होत्या आणि चार, पाच, सहा, पाच असे आकडे ओरडत होत्या, आणि दुसरी मुलगी ते लिहून घेत होती. अक्का म्हणाली, "माले वाटनं, बाई ब्लाउजनं माप ली राहिनी." डॉक्टरांनी तिचं काम विचारलं होतं आणि तिला समजेल असं सांगितलं होतं. हिरडी दाताभोवती बाहीसारखी घट्ट बसलेली असते. दातांवर किटण साठलं, त्यात जंतू वाढले, की ती शिवण उसवत जाते आणि दाताभोवती खिसे तयार होतात. तुमच्या तोंडात ते जागोजागी झालेत. त्यावर अक्का त्या खुर्चीत आडवी पडल्या पडल्या म्हणाली होती, "मना तोंडमा खिसा शेतस, नि बठ्ठा रिकामा." तोंडात खिसे आणि सगळे रिकामे, हे ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग त्यांनी साखर तपासायला लावली आणि ती भलतीच वाढलेली निघाली. अक्काला मधुमेह आहे हे दातांच्या दवाखान्यात कळलं. हिरडीची सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरडीची सूज बरी होऊ देत नाही, दोघी एकमेकींना चढवतात, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी वरवरची सफाई केली, तीन आठवड्यांनी आतून सफाईला बोलावलं, कार्डावर तारीख लिहून दिली. आणि मिसरी आजपासून बंद, असं बजावलं.

अक्काने मिसरी बंद केली. पस्तीस वर्षांची सवय तिने एका सकाळी सोडली आणि डबी दाजींच्या फोटोमागे ठेवून दिली. पहिले चार दिवस ती सगळ्या गल्लीवर खेकसत होती, मग हळूहळू निवळली. नरम ब्रश आणला होता, त्याने हळू हळू घासायची. आणि साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी तिचा मला फोन आला. आवाज इतका बारीक होता की मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना हाताने गप्प केलं.

"भाऊ, रगत येस रे. घासं का बठ्ठं तोंड लाल व्हस. आधी कधी येयेच ना. माले भ्याव वाटस."

ती डॉक्टरांना फोन करू शकली असती. मनीषाला सांगू शकली असती. तिने मला केला, कारण आमच्या घरात शहाणा मी. शिकलेला मी, भाषण करणारा मी. आणि मी काय केलं... दुसऱ्याच दिवशी धुळ्यात माझा कार्यक्रम होता. जळगावात एका ओळखीच्या दुकानातून मी उत्तम काळी मिसरी घेतली, झाकणावर मोराचं चित्र असलेली गोल डबी. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. अक्काच्या दारात पोचल्यावर मी चपला न काढता उंबऱ्यावर उभा राहिलो, डबी दोन्ही हातांत प्रसादासारखी धरली आणि ते भाषण केलं. म्हटलं, अक्का, त्या डॉक्टरीणबाईचं वय अठ्ठावीस, तुझ्या मिसरीचं पस्तीस. वडीलधाऱ्यांचा मान ठेव. पस्तीस वर्षांत रक्ताचा थेंब नाही आला, आणि तिची सळई लागली तशी गंगा वाहायला लागली. यातलं औषध कोणतं आणि रोग कोणता, हे सांगायला कॉलेजात जायला लागतं का?

ती हसली. हसताना पदर वर गेला. मग तिने डबी हातात घेतली आणि म्हणाली, "त्या बाईले काय सांगू मंग?"

मी म्हटलं, काही सांगू नकोस, जाऊच नकोस.

तिने मिसरी लावली. दोन-तीन दिवसांत रक्त बंद झालं. तिने फोन करून कळवलं, आणि मी जिंकलो. त्या उन्हाळ्यापासून माझ्याकडे एक नवी गोष्ट आली, "डॉक्टरीणबाई विरुद्ध मिसरी." तीत सळई होती, ब्लाउजचं माप होतं, रिकामे खिसे होते, उंबऱ्यावरचा मी होतो, आणि शेवट असा होता की सगळ्यांना ताटकळत ठेवून झाल्यावर मी आवाज खाली आणून म्हणायचो, आणि तिसऱ्या दिवशी... रक्त बंद. टाळ्या तिथेच पडायच्या. नरडाण्यात, शिरपुरात, धरणगावात, खुद्द धुळ्यात, मी ती गोष्ट कुठे सांगितली नाही हे विचारा.

त्यानंतर एक दिवस मी तिच्या ओट्यावर बसलो होतो आणि मशीन थांबलं, पण "टक्" झालं नाही. पुन्हा थांबलं, पुन्हा नाही. आत डोकावलो तर मशीनच्या दांडीला सुतळीने एक छोटी कात्री बांधलेली होती आणि अक्का तिने दोरा कापत होती. मी म्हटलं, अक्का, तुझी तोंडातली कंपनीची कात्री कुठे गेली? ती म्हणाली, आता पुढचे दात दोऱ्याबरोबर येतील असं वाटतं. मी तेही हसण्यावारी नेलं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती वरणात बुडवून ठेवायला लागली, मग शेंगदाणे सोडले, मग लग्नांना येणं सोडलं. लग्नात सगळ्यांसमोर जेवायचं म्हणजे चावायचं आलं. साखरेच्या गोळ्यांची सुई झाली. पायाला चप्पल लागून झालेली जखम भरेना. आम्हा सगळ्यांचं लक्ष त्या पायाकडे होतं. तोंडाकडे कुणी पाहिलं नाही, आणि तिने ते दाखवलंही नाही. पायाच्या जखमेसाठीच दवाखान्यात ठेवलं होतं, आणि पाचव्या दिवशी सकाळी हृदय थांबलं. मी त्या वेळी रावेरला निघण्यासाठी कपड्यांना इस्त्री करत होतो. धावपळीत मनीषाला फोन करायला दुपार झाली.

तिची शेवटची भेट त्याच्या आधीच्या रविवारची. मी दवाखान्यात कॉटशेजारी चेहरा पाडून बसलो होतो. तिने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "हास ना रे भाऊ, कोनी मरी गयं का?" मी हसलो. आमच्यात शेवटचं बोलणं ते.

सुतक फिटण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी धुळ्याला घरापुढे मांडव होता. जेवणं झाली. नातेवाईक सतरंजीवर बसले होते, आणि अशा वेळी जसं होतं तसं झालं. कुणीतरी म्हणालं, अक्काला रडणं आवडायचं नाही, भाऊ, तिची एखादी गोष्ट सांग. मला वाटलं, खरंच आहे, तिला आवडेल. मी उठलो नाही, नक्कल केली नाही, एवढं भान होतं. पण बसल्या जागी मी डॉक्टरीणबाई विरुद्ध मिसरी सांगायला लागलो. माप झालं, खिसे झाले, ओल्या डोळ्यांनी लोक हसायला लागले, आणि मला आतून बरं वाटायला लागलं. आवाज खाली आणला. "आणि तिसऱ्या दिवशी..." म्हटलं, तेवढ्यात दाराच्या चौकटीत उभी असलेली मनीषा बोलली.

"मामा, ती गोष्ट पुरी सांगा ना एकदा."

ती रागावली नव्हती. थकलेल्या माणसासारखी म्हणाली. मग सगळ्यांसमोर तिनेच ती पुरी केली. आतल्या सफाईच्या तारखेला ती कामावर अर्धी रजा टाकून आईला न्यायला आली होती. अक्का नवं लुगडं नेसून, ते कार्ड हातात घेऊन तयार बसलेली. म्हणजे जायचं तिच्या मनात होतं. मनीषाने चल म्हटलं तेव्हा ती उठली, दारापर्यंत आली आणि परत मशीनवर जाऊन बसली. म्हणाली, "भाऊ म्हणस बरं व्हयनं. मंग कसाले जानं?" मनीषाने विनवलं, भांडली. अक्काने एक न ऐकता कपडा मशीनखाली घातला. त्यानंतर पाच वर्षांत तिचे आठ दात गेले. काही तर भाकरीबरोबर आले.

मी ती गोष्ट तिथेच सोडली आणि उठून पत्रावळी गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला परतलो नाही. मनीषाकडून पत्ता घेतला आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसलो. माझ्या हिरड्या सुजल्यात असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी खुर्चीत आडवं केलं, सळई घातली, आकडे म्हणायला लागल्या. उठून बसल्यावर मी खरं सांगितलं, मी कोणाचा भाऊ, आणि मिसरीची डबी कोणी आणून दिली. आता पस्तिशीच्या झालेल्या त्या बाईंनी हातमोजे काढले. मला अक्का आठवतात म्हणाल्या, ते खिशांचं बोलणं मी अजून पेशंटना सांगते.

मी विचारलं, मिसरीने रक्त थांबलं होतं ना? त्यांनी शांतपणे समजावलं. जंतू आले की शरीर त्यांच्यावर धावून जातं, तिथे रक्त वाढवतं, सूज आणतं. हिरडीतून रक्त येणं ही त्या लढाईची हाकाटी असते. ती लढाई वर्षानुवर्षं चालली तर जंतूंपेक्षा शरीराचीच आग जास्त नुकसान करते, दाताखालचं हाड त्या आगीत झिजतं. तंबाखू त्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकते. आग आत चालूच राहते, फक्त हाकाटी बंद होते. म्हणून पस्तीस वर्षं थेंब आला नाही. तिने मिसरी सोडली, वाहिन्या मोकळ्या झाल्या, तेव्हा रक्त दिसलं.

"ते रक्त म्हणजे हिरडी शुद्धीवर येत होती, काका," त्या म्हणाल्या. "त्याच वेळी आतून सफाई झाली असती तर ते आपोआप कमी होत गेलं असतं."

मी विचारलं, मग ती माझ्यामुळे गेली का? त्या नाही म्हणाल्या नाहीत आणि हो म्हणाल्या नाहीत. साखर होती, वय होतं, हृदय होतं, कशाने काय झालं हे कुणीच सांगू शकणार नाही. दात मात्र बरेच वाचले असते, आणि साखर आवरायलाही थोडी मदत झाली असती, एवढं त्या सांगू शकतात म्हणाल्या. मग त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. तुमची ती गोष्ट मी ऐकली आहे. माझ्या नणंदेच्या लग्नात तुम्हीच होतात, मी सहाव्या-सातव्या रांगेत होते. चांगली सांगता. पण ती गोष्ट माझ्या दवाखान्यात येते. मिसरी सोडा म्हटलं की बायका मला ती सांगतात. कुणाला गावही माहीत नसतं, तुमचं नावही नसतं, म्हणतात, जळगावकडे एकीचं सोडल्यावर रक्त आलं होतं, परत लावली तर तिसऱ्या दिवशी बंद.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला टाळ्या ऐकू येत होत्या. मी मोजदाद ठेवलेली नाही, पण किती मांडव, किती रांगा, आणि प्रत्येक रांगेत किती डब्या असतील... अक्काच्या बाबतीत माझी चूक झाली तेव्हा मी निदान तिला घाबरलेली पाहून, प्रेमापोटी, अडाणीपणाने बोललो होतो, असं म्हणायला जागा आहे. पुढची सहा वर्षं मात्र मी तेच केवळ हशा येतो म्हणून बोललो. त्याला नाव काय द्यायचं ते मला सुचत नाही.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली, त्यांनी कृपा करून तिचा शेवट बदलून घ्या. तिसऱ्या दिवशी रक्त बंद झालं, पण ती बरी झाली नव्हती. बरी व्हायला लागली होती ती आधीच्या दहा दिवसांत, आणि मी ते थांबवलं. तुमच्या घरी कुणी मिसरी सोडली आणि रक्त दिसलं, तर माझ्यासारख्याला फोन करू नका. त्यांना दवाखान्यात घेऊन जा, आणि उंबऱ्यावर कुणी भाषण करत असेल तर त्याला बाजूला सारा.

मी निघायच्या दिवशी मनीषा मशीनचा खण रिकामा करत होती. बॉबिन, हुक, खडू, मापाची पट्टी. सगळ्यांत मागे ती मोराची डबी निघाली. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, यात तुमच्यासाठी ठेवलंय. झाकण उघडलं तर मिसरी नव्हती. ब्लाउजच्या कापडाच्या कातरणांत, एका जांभळ्या, एका हिरव्या आणि एका पिवळ्या, तीन दात गुंडाळून ठेवलेले होते. भाकरीतून आलेले. मनीषा म्हणाली, आईने हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय म्हणाली? मनीषा ओशाळवाणं हसली आणि तिने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मी त्याना बठ्ठा दात धाबावर फेकात, आते मना तो फेकी."

बघा... तिचे दात आता मी फेकायचे, असा तिने माझ्यासाठी शेवट करून ठेवला होता. दवाखान्यात पाय घेऊन पडलेली, तोंड पदरात लपवलेली बाई, आणि तिला जाताना चिंता ही की भावाच्या गोष्टीला नीट शेवट असावा. आणि मी असा माणूस, की ते ऐकताक्षणी मनात पहिला विचार आला तो हाच, की हे मांडवात किती चालेल. तो विचार आला, हे मी इथे लपवत नाही.

आमच्या जळगावच्या इमारतीला धाबं नाही, गच्ची आहे, वर पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. मी दोनदा डबी घेऊन वर गेलो आणि दोनदा खाली आलो. डबी आता बेसिनवरच्या फळीवर असते, ब्रशच्या शेजारी. मीही रात्री पान-तंबाखू लावणारा होतो, ते सुटलं आहे. रोज सकाळी मी हळू हळू घासतो आणि रोज थोडं लाल दिसतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा हात फोनकडे गेला होता, अक्काचा नंबर लावायला. मग डबीकडे पाहिलं, तोंड धुतलं, आणि डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख लिहिलेलं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं.